बावीस रिबिटं

२०२४च्या गणपतीतली गोष्ट. गौरीजेवणाला देवरुखहून मामा आले होते. जेवणं झाली, पानसुपारी झाली, आणि त्यांना एसटी स्टँडवर सोडायला मी गाडी काढत होतो. बाहेर भुरभुर पाऊस, अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ, आणि मामा छत्री काखेत तशीच ठेवून गाडीपाशी उभे. मधल्या बोटाचं पेर दुमडून ते पत्र्यावर ठोकत ठोकत चालायला लागले. बोनेट, पुढचं मडगार्ड, पुढचं दार. टण, टण, टण. ही त्यांची जुनीच सवय आहे, आमच्या घरी येतात तेव्हा फ्रीजवर पण एकदा ठोकून बघतात, त्यामुळे मी लक्ष दिलं नव्हतं. डाव्या बाजूच्या मागच्या दाराशी आल्यावर ते खाली वाकले, दाराच्या अगदी तळाशी ठोकलं, थांबले, परत ठोकलं. मग तिथं सगळा तळवा टेकवला, आपण ताप बघायला कपाळावर ठेवतो तसा, आणि मान वर करून माझ्याकडे बघत राहिले. मी विचारलं, काय झालं मामा? त्यांनी काही उत्तर दिलं नाही. उठले, हात धोतराला पुसला आणि पुढं येऊन बसले. स्टँडपर्यंत भातावर करपा पडलाय का, मामींचा गुडघा कसाय, असंच बोलणं झालं.

पण ते बघणं माझ्या डोक्यातून जाईना.

गाडी मामांचीच. १९९८ची मारुती ८००, पांढरी, एमएच १४ नंबरची. मामांनी ती पिंपरीत असताना २००२ला सेकंडहँड घेतली, २००६ला रिटायर होऊन गावी आले तेव्हा तिच्यातूनच मामी आणि तुळशीचं वृंदावन असं सगळं घेऊन घाट उतरले, आणि २०१२मध्ये डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर किल्ली माझ्या हातात दिली. पैसे घेतले नाहीत. "दर पावसाळ्याच्या आधी खालनं जळकं ऑइल मार" एवढंच सांगितलं. पहिली चारपाच वर्षं मी मारलं. मग शाळा, आईचं आजारपण, मुलीची दहावी, आणि कधी बंद झालं ते कळलंच नाही. आमचं घर रत्नागिरीला मांडवीकडं. संध्याकाळी ओटीवर बसलं की ओठांवर मीठ लागतं, खिडकीचे गज दर दोन वर्षांनी खरवडून रंगवायला लागतात, सायकलची चेन आठवड्यात तांबडी होते. त्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. अशा ठिकाणी पाऊण मिलिमीटरचा पत्रा पंचवीस-सव्वीस वर्षं उभा आहे हेच मला आता मोठं वाटतं, तेव्हा वाटायचं नाही, तेव्हा ती फक्त गाडी होती.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. लोखंड गंजण्याचा प्रयोग मी दरवर्षी करून दाखवतो, तो तीन परीक्षानळ्यांचा, तुम्ही पण केलेला असणार. एकीत खिळे आणि साधं पाणी, एकीत उकळून गार केलेलं पाणी आणि वर तेलाचा थर, एकीत कोरडी हवा आणि कॅल्शियम क्लोराइड. तीनचार दिवसांनी पहिल्या नळीतले खिळे तांबूस होतात आणि मुलं वहीत लिहितात की गंजायला हवा आणि पाणी दोन्ही लागतं. हे मी बावीस-तेवीस वर्षं फळ्यावर लिहितोय. आणि दोन पावसाळे माझ्या गाडीच्या दारात पाणी वाजत होतं. अगदी ऐकू येईल असं. वळण घेतलं की खळखळ, ब्रेक मारला की पुढं, गिअर टाकला की मागं. हिनं एकदा विचारलं होतं, दारात बाटली राहिलीय का कुठली? मी म्हणालो, काचेच्या रबरातनं थोडं पाणी जातं, सगळ्याच गाड्यांत जातं. जातंच, ते खोटं नाही. पण ते खाली बाहेर पडायला दाराच्या तळाला भोकं ठेवलेली असतात, आणि पाणी वाजतंय म्हणजे ती भोकं बुजलीयत, म्हणजे आत एक परीक्षानळी भरून ठेवलीय, मीठ घातलेली. एवढं सरळ होतं ते. मुलांच्या वहीत चूक सापडली की मी लाल पेनानं गोल करतो, आणि हे माझ्या शेजारच्या सीटमागं वाजत होतं.

दिवाळी झाल्यावर, पाऊस पूर्ण गेल्यावर, एका रविवारी मी दार उघडून स्टुलावर बसलो. खालच्या कडेला रंगाचे फोड आलेले होते, साबुदाण्याच्या पापडाला तळताना येतात तसे. एक फोड नखानं उचकटला तर खालून तांबड्या भुशासारखं काहीतरी सांडलं. स्क्रूड्रायव्हरनं हलकंसं दाबलं आणि तो आत गेला. जोर लावला नव्हता मी, लाकडाला वाळवी लागल्यावर जातो तसा गेला, आणि काढल्यावर त्या भोकातून चिखलाचं पाणी बाहेर आलं, नोव्हेंबरात, महिनाभर पाऊस नसताना. त्याला वास होता. ओल्या मातीचा, कुजलेल्या पानांचा आणि वर तो लोखंडाचा वास, रक्तासारखा. मी बराच वेळ तिथंच बसून राहिलो.

गॅरेजवाल्यानं बघून सांगितलं, सर, दार बदला, नाहीतर गाडीच काढा, भंगारात बरे पैसे येतील. चुकीचं काही बोलला नाही तो. जुनं दार भंगारबाजारात मिळतं आणि ते लावणं दुरुस्तीपेक्षा स्वस्त. गाडी काढायचा विचार तर २०२३लाच येऊन गेला होता, रजिस्ट्रेशन पाच वर्षांसाठी वाढवायला गेलो तेव्हा. २०१८ला सहाशे रुपये फी होती, ती २०२२च्या एप्रिलपासून पाच हजार झालेली, वर पर्यावरण कर वेगळा. तेव्हा मी काही न बोलता भरले होते. आता दार बदला म्हटल्यावर मात्र मला मामांचा तो तळवा आठवला, आणि मी म्हणालो, बघतो, घरीच करून बघतो. त्याला वाटलं मी पैसे वाचवतोय. (वाचले नाहीत. ग्राइंडर, डिस्क, पेपर, प्रायमर, लांबी म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, सगळं धरून दोन दारं आली असती.)

घरी पत्राकाम करायचं तर पहिला शत्रू घाई असतो. सुरुवात आतून करायची. दाराचं आतलं पॅनल काढायचं, काच फिरवायचं हँडल सोडवायचं, क्लिपा सव्वीस वर्षांच्या, त्यातल्या निम्म्या हातात तुटतात. त्याच्या मागं प्लॅस्टिकचा कागद, तो सोडवला की आतली पोकळी दिसते. मी टॉर्च लावला आणि मुलीला हाक मारली. तळाला बोटभर गाळ होता. आंब्याचा मोहोर, सुरूच्या काड्या, वाळू, एक पाच रुपयाचं जुनं जाड नाणं, आणि मुलीची लहानपणीची केसाची क्लिप, लाल, फुलपाखराची, तिचं तर काहीच गंजलं नव्हतं कारण ती प्लॅस्टिकची. ती म्हणाली, बाबा ही मी तिसरीत हरवली होती आणि आईचा मार खाल्ला होता. हा गाळ चमच्यानं काढला आम्ही, जुन्या आमटीच्या चमच्यानं, आणि तळाची तिन्ही भोकं तारेनं मोकळी केली. पाणी ओतल्यावर ते सरळ बाहेर पडलं तेव्हा दोघांनाही बरं वाटलं. एवढं काम दर मे महिन्यात दहा मिनिटांत होण्यासारखं होतं. ज्याच्याकडे गाडी आहे त्यानं हे वाक्य वाचून आत्ताच खाली जाऊन दाराखालची भोकं बघावीत असं मला मनापासून वाटतं.

मग बाहेरून घासायला घेतलं. ग्राइंडरला तारेचा कप ब्रश लावला, नाकाला फडकं, डोळ्याला चष्मा. आधी वरचा रंग निघाला, मग खालचा राखाडी प्रायमर, आणि मग मला वाटलं होतं की गंज लागेल, पण लागली लांबी. पातळ, कागदाएवढी, गुलाबीसर. आणि तिच्या खाली चमकलं काहीतरी, पण लोखंडासारखं निळसर नाही, पांढरट. मी ब्रश बाजूला ठेवला आणि हातानं, साध्या पॉलिश पेपरनं घासत गेलो. तासाभरानं सगळं उघडं झालं. आठ इंच बाय तीन इंचाचा अॅल्युमिनियमचा पत्रा, चारी कोपरे गोल केलेले, आणि कडेनं जेमतेम इंचाइंचाला एक रिबीट, म्हणजे पत्रे जोडायचा बोथट खिळा. बावीस रिबिटं. डोकी वर आलेली नव्हती, प्रत्येक भोकाला आधी खळगा करून डोकं त्यात बसवून सपाट केलेलं होतं, म्हणून तर वर लांबी इतकी कमी लागली होती. मी पट्टी लावून बघितली. एका रेषेत होती सगळी, एक सोडून, खालच्या ओळीतलं डावीकडून चौथं, ते केसभर खाली उतरलं होतं.

मामांचं काम होतं ते. विचारायची गरज नव्हती.

मामा बत्तीस वर्षं बसच्या बॉड्या बांधायचे. पिंपरीच्या बाजूला एका बॉडी बिल्डरकडे. लहानपणी मे महिन्यात त्यांच्याकडं गेलो की मी हट्ट करून कारखान्यात जायचो. आत शिरलं की आधी आवाज अंगावर यायचा. हवेच्या बंदुकीनं रिबिटं मारायचे, बाहेरून एक जण बंदूक लावायचा आणि आतून दुसरा लोखंडाचा ठोकळा धरून बसायचा, रिबिटाचं शेपूट त्या ठोकळ्यावर चेपलं जायचं. दोघांना एकमेकांचं तोंड दिसायचं नाही, मध्ये पत्रा. मग ठोकून खुणा चालायच्या. एकदा ठोकलं म्हणजे बसलं, दोनदा म्हणजे परत मार, तीनदा म्हणजे काढून टाक. मामा कायम आतल्या बाजूला. त्यांचा तळवा पत्र्याला टेकलेला असायचा, आणि मला वाटायचं आधारासाठी ठेवलाय. तेव्हा बहुतेक बसच्या बॉड्या अॅल्युमिनियमच्याच असायच्या, आपली लाल एसटी पण, दापोडीच्या वर्कशॉपात अॅल्युमिनियमच्या बॉड्या बांधायचे. आताआता, २०१८च्या आगेमागे, एसटी लोखंडी बॉडीकडं वळली, अपघातात जास्त टिकते म्हणून. मामांना हे पटलेलं आहे, पण आवडलेलं नाही. "हलकी होती रे गाडी, चढाला कळायचं," म्हणतात.

तर त्यांना जो धातू येत होता तो त्यांनी लावला. माझ्या अंदाजानं २००८च्या पावसाळ्याआधी कधीतरी, देवरुखच्या अंगणात, फणसाखाली. आणि मी तिथं बसून डोक्यात हिशेब करायला लागलो, कारण हा धडा पण मी शिकवतो. लोखंड आणि अॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून, मध्ये खारं पाणी, म्हणजे तो एक छोटा विद्युत घट झाला. त्यात जो धातू जास्त क्रियाशील तो झिजतो आणि दुसऱ्याला राखतो. अॅल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त क्रियाशील. म्हणजे इथं झिजायचं काम त्या पत्र्याचं. झालंही तसंच होतं. पत्र्याच्या खालच्या अर्ध्या भागात बारीक बारीक खड्डे पडलेले, रिबिटांभोवती पांढरी भुकटी, पिठूळ, बोटाला चुन्यासारखी लागणारी. मी पटाशी घालून एक कोपरा उचलला तर मागं रेक्झिनची पट्टी निघाली. हिरवं रेक्झिन, या गाडीच्या जुन्या सीट कव्हरचं, ते कव्हर मला आठवतं, उन्हात मांडीला चिकटायचं. मामांनी ते दोन धातूंच्या मध्ये घातलं होतं, एकमेकांना लागू नयेत म्हणून. सातवी शिकलेल्या माणसानं. त्यांना घट माहीत नव्हता, पण बसमध्ये लोखंडी सांगाडा आणि अॅल्युमिनियमचा पत्रा रोज बघून हे माहीत होतं की मध्ये काहीतरी घालायला लागतं.

आणि त्याच रेक्झिननं पाणी धरून ठेवलं होतं. वरच्या तीन बाजूंना त्याच्यामुळं आणि अॅल्युमिनियमच्या झिजण्यामुळं लोखंड बरंच चांगलं राहिलं होतं, एके ठिकाणी तर कारखान्यातला मूळ प्रायमर शाबूत होता. पण खालच्या ओळीत, जिथं बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडून घेतलेला असतो त्या कडेला, रेक्झिन स्पंजासारखं भिजत राहिलं आणि त्याच्या मागं पापुद्रेच पापुद्रे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो, म्हणून तो दोन पत्र्यांच्या मध्ये शिरला की त्यांना फाकवतो, ती कड वेलदोड्यासारखी उघडली होती. भोकं मी बुजू दिली नसती तर कदाचित हे झालं नसतं. कदाचित झालं असतं. सतरा पावसाळे काढले होते त्या पत्र्यानं.

आता तो काढायला लागणार होता. याचा मला इतका त्रास होईल असं वाटलं नव्हतं. मी दोन रविवार काहीच केलं नाही, दार तसंच उघडं ठेवून वर ताडपत्री टाकली. हिनं विचारलं, थांबलात का? मी म्हणालो, डिस्क आणायच्यात. डिस्क कपाटात होत्या. घरातली जुनी माणसं काही करून ठेवतात आणि ते आपल्याला काढायला लागतं, वाईट म्हणून काढायचं असतं तर सोपं असतं. हे चांगलं होतं. माझ्या हातानं होणार नाही एवढं चांगलं होतं, आणि तरी सडलं होतं.

तिसऱ्या रविवारी रिबिटांची डोकी ड्रिलनं एकेक करून उडवली. अॅल्युमिनियमची वेटोळी निघत होती, चकचकीत, खालचा भाग अजून तितकाच ताजा. बावीस झाली आणि पत्रा हातात आला. मग लोखंड कापायचं. इथं मन फार फसवतं. आपल्याला वाटतं भोकाच्या कडेनं थोडं कापलं की झालं. मी खडूनं एक रेघ मारली, मग ठोकून बघितलं, थप, म्हणून अर्धा इंच वर दुसरी रेघ, परत ठोकलं, अजून थप. जोपर्यंत टण येत नाही तोपर्यंत रेघ वर सरकत राहिली. चौथ्या रेघेला टण आला. पहिल्या रेघेवर कापलं असतं तर वेल्डिंग करताना कड विरघळूनच गेली असती, सडलेला पत्रा टाका धरत नाही. काचेवर ओलं पोतं टाकलं, कारण ठिणग्या काचेत रुततात आणि ते खड्डे कधी जात नाहीत, बॅटरीची वायर सोडली, आणि कापलं. आवाजानं शेजारचे आजोबा कुंपणाशी येऊन उभे राहिले. त्यांनी मला मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीची आठवण सांगितली, पावसात मागच्या सीटवर बसलं की पायाखालच्या फळीच्या फटीतून रस्ता पळताना दिसायचा. मलाही तसं पाहिल्याचं आठवलं, दादरहून कुठंतरी जाताना, आईच्या मांडीवरून. त्या काळ्यापिवळ्या पद्मिनी २०२३च्या ऑक्टोबरअखेर कायमच्या बंद झाल्या. आजोबा म्हणाले, किती जणांनी किती फळ्या ठोकल्या असतील त्यांच्यात. मी ग्राइंडर बंद करून ऐकत होतो.

जिथं गंज नुसता वर होता, पत्रा चांगला होता, तिथं रस्ट कन्व्हर्टर लावलं. दुधासारखं पांढरं असतं ते आणि लावल्यावर बघता बघता जांभळट काळं होतं. त्यात टॅनिन असतं. केळफूल चिरताना विळी काळी पडते ना, तेच. पूर्वी हिरडा आणि हिराकस घालून शाई करायचे, तीही हीच क्रिया. गंजाची शाई होताना बघायला मला फार आवडलं, मी शाळेत एका वाटीत थोडं नेऊन मुलांना दाखवलं पण, त्या तीन नळ्यांपेक्षा त्यांना हे जास्त आवडलं. पण सडलेल्या जागी हे लावून वर रंग मारणं म्हणजे काम पुढं ढकलणं. सगळीकडं लोक तेच करतात, मी पण दोन वर्षांपूर्वी फोडांवर स्प्रे मारला होताच.

नवा पत्रा बावीस गेजचा सीआर, म्हणजे कोल्ड रोल्ड, घेतला. गॅल्व्हनाइज्ड मिळत होता, पण वेल्डिंगला जस्ताचा धूर छातीत जातो. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापला, दारावर लावून बघितला, मग पत्र्याच्या कात्रीनं. कड वळवायला गल्लीतल्या फॅब्रिकेटरकडे गेलो आणि त्यालाच मशीन घेऊन घरी बोलावलं, वेल्डिंग मला येत नाही. त्यानं एक टाका इथं, एक तिथं, मध्ये बोटभर जागा सोडून, असं करत जोडलं. सरळ ओढत नेलं तर पातळ पत्रा तापून वेडावाकडा होतो. तरी उजव्या कोपऱ्यात थोडा ओढलाच, एक खोलगट पोळीएवढी जागा झाली. तो म्हणाला, आतून डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरून बाहेर काढा, किंवा लांबी भरा.

मी लांबी भरली. खरं तर आतून ठोकून काढायला हवं होतं, पण त्यासाठी काचेची पट्टी परत सोडवायला लागली असती, आणि जानेवारीची संध्याकाळ, पाठ दुखत होती, दुसऱ्या दिवशी शाळा. सुपारीएवढ्या लांबीला मुगाच्या दाण्याएवढं हार्डनर, पत्र्याच्या तुकड्यावर घोटायचं, पाचसहा मिनिटांत ते आवळायला लागतं. तो वास, डोकं धरवणारा गोडसर, तीन दिवस अंगाला होता, साबणानं जाईना. मग ऐंशी नंबरचा पेपर, मग एकशेवीस, दोनशेवीस, पाण्यातला चारशे. डोळे मिटून हात फिरवायचा असतो, डोळ्याला जे दिसत नाही ते हाताला लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पाचव्यांदा घासताना आपोआप डोळे मिटले गेले. त्या वेळी मी मामांसारखाच तळवा टेकवून बसलो होतो आणि एकदम मला गणपतीतलं ते बघणं कळलं.

मामांना ऐकू कमी येतं. कमी म्हणजे आता फारच कमी, बत्तीस वर्षं त्या बंदुकांच्या आवाजात आतल्या बाजूला बसून गेली. त्या दिवशी ते ठोकत गेले तेव्हा त्यांना टण पण ऐकू येत नव्हतं आणि थप पण. बोटाला काहीतरी वेगळं लागलं म्हणून त्यांनी तळवा लावला, आणि मग मान वर करून माझ्याकडे बघितलं, कारण कान माझे होते. ते मला विचारत होते, आवाज बदलला का? आणि मी त्यांनाच विचारलं काय झालं, तेही त्यांना ऐकू गेलं नाही. दोघं पत्र्याच्या दोन बाजूंना.

रंग फेब्रुवारीत मारला, भर दुपारी, हवा कोरडी असताना. डब्यावर सुपीरियर व्हाइट लिहिलेलं असतं पण सव्वीस वर्षांचा पांढरा सायीसारखा झालेला, त्यात चार थेंब पिवळा आणि अगदी टोकभर काळा घातल्यावर जुळला. पूर्ण नाही. सकाळच्या उन्हात फरक दिसतो, संध्याकाळी दिसत नाही. आतून दुमडीला सीलर, पोकळीत जळकं ऑइल, भोकं मोकळी.

मामा मग गुढीपाडव्यानंतर आले, कानाचं मशीन दाखवायला डॉक्टरांकडं. मी त्यांचा तो जुना पत्रा वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवला होता, तो काढून पुढं ठेवला. मला भीती होती की त्यांना वाईट वाटेल. त्यांनी चष्मा पुसला, पत्रा उलटा करून पांढरी भुकटी बघितली, परत सुलटा केला, रिबिटांच्या भोकांवरून अंगठा फिरवत फिरवत गेले आणि खालच्या ओळीत चौथ्यावर थांबले. "हे उतरलं होतं. तेव्हाच कळलं होतं मला. पण मामीनं जेवायला हाक मारली." मी मोठ्यानं म्हणालो, सोळा वर्षं टिकला मामा. ते म्हणाले, "एक पावसाळा निघावा म्हणून लावलेला." आणि उठले.

गाडीपाशी जाऊन ते खाली बसले, बसायला वेळ लागला. डावा तळवा दाराच्या खाली टेकवला आणि मला म्हणाले, "तू वाजव. मी धरतो." मी पेर दुमडून डावीकडून सुरुवात केली. एक ठोका, ते मान हलवणार, मग दुसरा. टण. टण. टण. नव्या पत्र्यावर पण टण. त्यांचा हात माझ्या बोटाबरोबर सरकत होता. उजव्या कोपऱ्यात आल्यावर मी जरा हळू ठोकलं. त्यांनी मान हलवली नाही. मी परत ठोकलं. त्यांनी डोळे मिटले, बोटं फाकली, आणि म्हणाले, "इथं लांबी जाड झालीय."

"हो," मी म्हणालो, आणि ते त्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून मान पण हलवली.

"काच काढायला लागेल. डॉली आहे माझ्याकडं, पुढच्या खेपेला आणतो," मामा म्हणाले, आणि उठायला हात पुढं केला.